दोन्ही शब्द मुळात दुकानातले: ख्रिश्चन इंडी गाणी आणि न मानणारे आपण

डेट्रॉइटला १९७५ साली जन्मलेला, बँजो घेऊन कुजबुजल्यासारखं गाणारा एक माणूस आहे, इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरून निघणारी गाणी, ऐकणाऱ्यांना त्याचं नाव सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, सुफ्यान स्टीव्हन्स. त्याचा २००४ चा अल्बम म्हणजे सरळ बायबल उघडून बसल्यासारखा आहे, अब्राहाम आहे, डोंगरावर येशूचं रूप पालटतं तो प्रसंग आहे. मी तो पहिल्यांदा ऐकला वेंगुर्ल्याला काकीच्या ओटीवर, मित्राने पेनड्राइव्हवर भरून दिलेला, आणि आतून काकीचा आवाज आला, "ह्यां काय लावलंस रे, चर्चातलां गाणां?" मी म्हटलं, "चर्चातलां नाय गो काकी, बँजोचां." काकीला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते शेवटी सांगतो.

नंतर शिकलेल्या लोकांकडून एक प्रश्न बऱ्याचदा आला, की तू येशूला मानत नाहीस, खरं तर कुणालाच मानत नाहीस, मग ही गाणी आवडतात कशी, शब्द कानाआड करतोस का. मला गंमत वाटते ती या प्रश्नाचीच, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला तो पडायचं कारण नाही. तो प्रश्न बाहेर तयार झालाय आणि तोही फार जुना नाही. कुठे तयार झाला त्याची ही थोडी पार्श्वभूमी, वाकडीतिकडी.

आपल्याकडचं जुनं चटकन उरकतो. १६१६ ला रायतूरला एका इंग्रज पाद्रीबाबाचं ओवीबद्ध पुराण छापलं गेलं, त्यातली मराठीची थोरवी सांगणारी ओवी शाळेत सगळ्यांनी घोकलीय, आणि घोकताना कुणाच्या बापाने विचारलं नाही की हा येशूचा ग्रंथ आहे, पोरांना कशाला. करजगावचा, म्हणजे दापोली तालुक्यातला, १८६१ चा जन्म असलेला कवी, त्याची फुलं आणि पाखरं आपण पाठ केली आणि त्याने १८९५ ला बाप्तिस्मा घेतला होता हे बऱ्याच जणांना कॉलेजात कळलं. त्याने पुढे ख्रिस्ती भजनं लिहिली तीही अभंगाच्या चालीवर, मराठी चर्चमधे अजून म्हणतात. उलटी बाजूही आहे, ती लपवायला नको. गोव्यात १७३६ च्या हुकूमनाम्याने बाटलेल्या लोकांना लग्नात ओव्या गायला मनाई केली होती, कारण ओवीतून जुना धर्म परत शिरेल ही भीती. म्हणजे गाण्यात कुणाचा देव लपलाय याची झडती घेणं आपल्या किनाऱ्यालाही ठाऊक आहे, फक्त ते सरकार घ्यायचं, ऐकणारा नाही. आणि त्याच राजवटीतल्या चर्चच्या शाळांमधे व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेल्यांची नातवंडं-पतवंडं मुंबईला जाऊन हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे करत होती, ते आपण सगळे ऐकत मोठे झालो.

आता मुद्द्याचं. "क्रिश्चन म्युझिक" हा शब्द.

जॅझ म्हटलं की एक आवाज कानात येतो, लावणी म्हटलं की येतो, कव्वाली म्हटलं की येतो. "क्रिश्चन म्युझिक" म्हटलं की काहीच येत नाही, कारण त्यात रॉक आहे, रॅप आहे, हेवी मेटलसुद्धा आहे. (गॉस्पेल वेगळं, ते काळ्या लोकांच्या चर्चमधलं, शिकागोत १९३० च्या दशकात एका ब्लूज पियानोवाल्याने त्याला आजचं रूप दिलं, आणि त्याला स्वतःचा आवाज आहे. पुढच्या भानगडीत हे दोन्ही शब्द एकमेकांत असे अडकले की सोडवता सोडवत नाहीत.) हा प्रकार असा की ज्याचं नाव शब्दांवरून पडलंय, आवाजावरून नाही. आणि माझं मत विचाराल तर शब्दांवरूनही नाही, दुकानावरून पडलंय.

झालं असं की साठचं दशक संपताना कॅलिफोर्नियात हिप्पी पोरं येशूकडे वळली, समुद्रात बाप्तिस्मे घ्यायला लागली, आणि गिटार घेऊनच चर्चमधे आली. १९६९ ला यांच्यातल्या एका लांबकेस गायकाचा रेकॉर्ड आला, तो या प्रकारातला पहिला धरतात. जुन्या पाद्र्यांना ड्रम म्हणजे सैतानाचं वाद्य, आणि नेहमीच्या रेकॉर्डवाल्यांना येशू नको. मग ही गाणी विकायची कुठे, तर बायबल विकणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत, अमेरिकेत अशी दुकानं गावोगाव होती. बायबल, बुकमार्क, क्रूस लावलेले पेन आणि शेजारी कॅसेटची मांडणी. त्या मांडणीवर जे ठेवता येतं ते क्रिश्चन म्युझिक. बाकी व्याख्या नंतर आल्या. मग त्या मांडणीसाठी वेगळी लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, वेगळे रेडिओ, वेगळी मासिकं, पुरस्कारही वेगळे. सगळा कारभार इतका वेगळा की या दुकानांतला खप मुख्य विक्रीच्या आकड्यांत मोजायला १९९५ उजाडलं, तोपर्यंत तिथे विकलेली कॅसेट त्या आकड्यांत दिसायची नाही.

आणि मग गाडी अडली. १९९१ ला याच मांडणीवरची लाडकी गायिका साध्या प्रेमाच्या, गोड पॉप गाण्यासह अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या नंबरावर गेली. व्हिडिओत तिच्यासोबत जो पुरुष होता तो तिचा नवरा नव्हता एवढ्यावरून काहूर माजलं. तिच्या १९९७ च्या अल्बममधे देवाचं नाव जवळपास नाहीच, आणि तरी पुढच्या वर्षी त्याला ख्रिश्चन संगीताचा पुरस्कार मिळाला. झालं, लोक भडकले. तेव्हा पुरस्कार देणाऱ्यांनी १९९८ मधे जो निर्णय घेतला तो माझ्या मते या सगळ्या गुंत्याचं मूळ आहे. त्यांनी व्याख्या लिहून काढली, की चाल कुठलीही चालेल पण शब्द बायबलमधल्या सत्यावर आधारलेले हवेत, किंवा त्यात देवाची स्तुती हवी, किंवा ख्रिस्ताशी नात्याची साक्ष हवी, किंवा गाणं ख्रिश्चन दृष्टीतून लिहिलंय हे उघड दिसायला हवं.

यातला "उघड" हा शब्द बघा. उघड कुणाला? कमिटीला. म्हणजे एक माणूस मनापासून श्रद्धाळू आहे, त्याने बायकोवर गाणं केलं, तर ते ख्रिश्चन की नाही हे कागदावरच्या ओळी वाचून ठरणार. लोकांनी थट्टेने मापच काढलं, "जीझस पर मिनिट", मिनिटाला किती वेळा येशू येतो ते. १९९९ मधे टेक्ससच्या एका बँडचं चुंबनाचं हळुवार गाणं जगभर वाजत होतं, आपल्याकडेही टीव्हीवर लागायचं, बँड त्याच मांडणीवरचा, पण गाण्यात येशू नाही म्हणून ते पुरस्कारासाठी अपात्र. निर्णयाची बाजू घेणाऱ्यांचंही ऐकायला हवं, त्यांचं म्हणणं होतं की मोठ्या कंपन्या ही लहान लेबलं विकत घेत सुटल्यात, उद्या नुसती गुळगुळीत पॉप गाणी या नावाखाली विकतील, कुठेतरी रेघ मारायला नको का. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण रेघ अशी मारली की गाणं म्हणजे कबुलीजबाब झालं. आणि एकदा गाणं कबुलीजबाब झालं की ऐकणाऱ्यालाही विचारता येतं, तुला हे कबूल आहे का? कबूल नाही तर ऐकतोस कसा? शिकलेल्या लोकांनी मला जो प्रश्न विचारला तो मला तरी इथूनच आलेला दिसतो.

दुसरा शब्द इंडी, त्याचीही तीच गत. ब्रिटनमधे १९८० ला इंडी गाण्यांची वेगळी यादी सुरू झाली तेव्हा तिचा आवाजाशी संबंध नव्हता, रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून न जाता दुकानात पोचली की इंडी. त्यामुळे ऐंशीचं दशक संपताना एका ऑस्ट्रेलियन गायिकेची निव्वळ नाचायची पॉप गाणी पण त्या यादीत होती. तेव्हा "ख्रिश्चन इंडी" याचा शब्दशः अर्थ काढला तर कुठल्या मांडणीवर ठेवलं आणि कुठल्या वाटेने आलं एवढाच निघतो, आत काय आहे ते नाही.

नव्वदीत या दोन वाटा मिळाल्या. १९९३ ला श्रद्धाळू लोकांनी चालवलेलं पण पंक आणि हार्डकोर, म्हणजे आरडाओरडीचं रॉक, काढणारं एक लेबल निघालं. न्यू जर्सीत एक अख्खं कुटुंब नर्सचे पोशाख घालून किंचाळत येशूची गाणी गायला लागलं, चर्चवाल्यांना ते झेपेना आणि शहरातल्या नास्तिक पोरांना फार आवडलं. आपला बँजोवाला त्यांच्यासोबत वाजवायचा. त्याने १९९९ ला सावत्र वडिलांबरोबर स्वतःचं लेबल काढलं होतं, २००४ चा अल्बम मात्र या न्यू जर्सीवाल्यांच्या लेबलवर आला. श्रद्धेबद्दल तो मुलाखतीत फारसं बोलायचा नाही, या गोष्टी खाजगीत बोलायच्या असतात असं त्याचं म्हणणं. कमिटीच्या "उघड"ला यापेक्षा सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

त्याच्या २००५ च्या अल्बममधे एक गाणं आहे, हाडाच्या कॅन्सरने आजारी मैत्रीण, बायबल वाचणारी मंडळी जमून तिच्यासाठी प्रार्थना करतात, आणि काहीच होत नाही. ती जाते. शेवटी तो देवावर ओरडत नाही, देव नाही असंही म्हणत नाही, देव घेतो, घेत राहतो एवढंच. आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला लागत नाही, हे गाऱ्हाणं आहे. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मीही असतो, माझा त्या म्हाराजावर विश्वास किती ते मला ठाऊक आहे, तरी आवाज लागतो. हे कौल न मिळालेलं गाऱ्हाणं, आणि तसं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

सगळंच पचतं असं नाही हां. त्याच अमेरिकेत समूहाने म्हणायची जी गाणी असतात, चार कॉर्ड, तू राजा, तू महान, परत तू राजा, ती मला जमत नाहीत, तिथे मी दाराबाहेर चपला घालून उभा असल्यासारखं होतं. पण ते आरतीच्या वेळीही होतं, त्यात येशूचा दोष नाही.

सगळ्यात मजेशीर वळण २००९ चं. सिॲटलकडचा एक गायक, दहा-बारा वर्षं श्रद्धेची आणि शंकेची गाणी करणारा, त्याची श्रद्धाच गेली, आणि त्याने तसा अल्बम काढला, देवाशी काडीमोड घेतल्यासारखा. २०१७ ला जुन्या नावाने बँड परत उभा केला आणि जुनी गाणीही गातो. म्हणजे आता गाणाराच गाण्यातलं मानत नाही. कमिटीने हे कुठल्या खणात घालायचं?

खण तसेही राहिले नाहीत. बायबलच्या दुकानांची एक मोठी साखळी २०१७ ला बंद पडली, दुसरीने २०१९ ला सगळी दुकानं मिटली. सावंतवाडीत मी कॅसेट घ्यायचो ते दुकान त्याआधीच गेलं, तिथे भक्तिगीतं एका बाजूला, दशावतार एका बाजूला आणि गोव्याची कांतारां खाली खोक्यात असायची, आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ॲपवर बँजोवाला कधी "फोक"मधे दिसतो, कधी "झोपताना ऐका"मधे.

काकीचा आक्षेप राहिला. काकीला येशूचं काही नव्हतंच, शेजारच्या बाई नाताळात नेवऱ्या आणि दोदोल देतात, काकी चतुर्थीला करंज्या पाठवते, चाळीस वर्षं चाललंय. तिचं भांडण वाद्याशी होतं. आपल्याकडे बँजो म्हणजे मिरवणुकीतला, बुलबुलतरंगाचा, कर्ण्यातून कान फोडणारा. मी तिला सांगितलं, तिकडचा बँजो वेगळा असतो, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांनी तिकडे घडवलेला, कातड्याचा, तारा छेडायचा. तिने सगळं ऐकून घेतलं, परत एकदा गाणं लावायला लावलं, आणि म्हणाली, "गाणां बरां आसा. पण ह्यो बँजो न्हय."