परिधेय संवेदक (सांघिक खेळ)

परिधेय संवेदक, सांघिक खेळांतील : सराव अथवा सामना चालू असताना खेळाडूच्या अंगावर बांधलेले किंवा कपड्यात बसवलेले, त्याचे स्थान, वेग, हालचाल आणि हृदयगती यांची सलग नोंद घेणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण. फुटबॉल, रग्बी, ऑस्ट्रेलियन फुटबॉल, हॉकी आणि क्रिकेट या खेळांत ते सर्वाधिक आढळते. पाठीवर खिसा असलेली घट्ट, आखूड बंडी हे त्याचे सर्वपरिचित रूप असून मैदानावर तिला ‘जीपीएस व्हेस्ट’ म्हणतात. छातीवरचा हृदयगतीचा पट्टा, बुटातील किंवा खांद्याच्या संरक्षक गाद्यांतील पट्टिका आणि दातांवर बसवायचे कवच हीदेखील याच वर्गातील साधने होत.

पूर्वपीठिका : खेळाडू सामन्यात किती पळतो, हा प्रश्न संवेदकांहून बराच जुना आहे. अमेरिकेत मेसरस्मिथ आणि कोरी यांनी १९३१ मध्ये बास्केटबॉल खेळाडूने कापलेल्या अंतरावर निबंध प्रसिद्ध केला. मैदानाच्या लहान आराखड्यावर, खेळाडू जाईल तसे एक चाक फिरवत न्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. इंग्लंडमध्ये रायली आणि टॉमस यांनी १९७६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंचे निरीक्षण करून एका सामन्यातील सरासरी अंतर ८,६८० मी. असल्याचे नोंदवले. चालणे, मंद धावणे, वेगाने धावणे, मागे सरकणे अशा प्रकारांत प्रत्येक हालचालीची विभागणी त्यांनी डोळ्यांनी पाहून केली होती. एका निरीक्षकाने एका वेळी एकच खेळाडू पाहायचा, ही या पद्धतीची मोठी मर्यादा होती. तरीही हालचालींचे हे वर्गीकरण टिकले. आजची उपकरणे वेगाच्या ज्या पायऱ्या वापरतात, त्या त्याच विभागणीतून आलेल्या आहेत.

उगम : परिधेय संवेदकांचा आरंभ नेमका कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. शरीरावर बांधलेला कोणताही संवेदक हा निकष लावला, तर मान फिनलंडकडे जातो. औलू विद्यापीठातील सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी स्थापन केली आणि १९८२ मध्ये बिनतारी हृदयगतिमापक बाजारात आणला. तो प्रामुख्याने स्कीइंग व लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी होता. सांघिक खेळांत त्याचा प्रसार पुढे झाला, आणि तोही मुख्यतः सरावापुरता.

स्थाननिश्चिती हा निकष मानणारे अभ्यासक वेगळी तारीख देतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शुत्स आणि शांबाझ यांनी १९९७ मध्ये उपग्रहीय स्थाननिश्चितीने माणसाच्या चालण्याधावण्याचा वेग मोजता येईल काय, हे तपासणारी टिपणी प्रसिद्ध केली. तिचे शीर्षकच प्रश्नार्थक होते आणि ती पोषणशास्त्राच्या नियतकालिकात आली होती. क्रीडा हा तिचा थेट विषय नव्हता. त्या काळी अमेरिकी संरक्षण खाते नागरी संकेतांत मुद्दाम त्रुटी मिसळत असे. ही त्रुटी २ मे २००० रोजी बंद करण्यात आली आणि स्थान ठरवताना होणारी, प्रसंगी १०० मी. पर्यंतची चूक एकदम कमी झाली. मैदानावरील वापराची वाट खऱ्या अर्थाने यानंतर मोकळी झाली.

तिसरे मत ऑस्ट्रेलियाला अग्रमान देते. सिडनी ऑलिंपिकच्या आधी, १९९९ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट आणि सूक्ष्मतंत्रज्ञानाचे एक सहकारी संशोधन केंद्र यांनी खेळाडूंसाठी संवेदक घडवण्यास सुरुवात केली. प्रयोगशाळेतील मोजमाप प्रत्यक्ष खेळाच्या जागी न्यावे, ही त्यामागची कल्पना होती. या कामातून शॉन होल्टहाउस आणि इगोर व्हान दे ग्रीन्ट यांनी २००६ मध्ये मेलबर्न येथे कॅटापल्ट ही कंपनी काढली. तथापि कॅनबेरा येथील जीपीस्पोर्ट्स कंपनीचे सेकंदाला एक नोंद घेणारे उपकरण २००३ च्या सुमारासच बाजारात आलेले दिसते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या २००५ ते २००८ या चार हंगामांतील जीपीएस नोंदींवर पुढे निबंध प्रसिद्ध झाला असल्याने, २००५ पर्यंत सामन्यांत उपकरणे वापरली जात होती हे निश्चित म्हणता येते. कॅटापल्टपासून इतिहास सुरू करण्याची प्रथा बरीच रूढ असली, तरी ती कंपनीच्या पुढील व्यापारी यशामुळे पडलेली दिसते. सांघिक खेळांपुरते बोलायचे, तर आरंभ २००३ ते २००५ या काळात ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे २०१४ मध्ये कॅटापल्टने जीपीस्पोर्ट्स विकत घेतली. उत्तर आयर्लंडमधील न्यूरी येथील स्टॅटस्पोर्ट्स ही कंपनी २००७ पासूनची होय.

रचना व कार्य : बंडीतील उपकरण साधारणतः ५० ते १०० ग्रॅम वजनाचे असते. त्यात उपग्रह संकेतांचा ग्राहक, त्रिअक्षीय त्वरणमापक (तीन दिशांतील वेगबदल मोजणारा), घूर्णदर्शी (फिरण्याची गती मोजणारा), चुंबकत्वमापक, बॅटरी आणि स्मृतिपट्टिका असतात. ते दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये बसवतात. तेथे ॲन्टेनाला आकाश मोकळे मिळते आणि खेळाडूला पडताना इजा होण्याचा संभव कमी राहतो. वेग दोन रीतींनी काढता येतो : लागोपाठच्या दोन स्थानांतील अंतराला वेळेने भागून, किंवा संकेताच्या वारंवारतेत डॉप्लर परिणामामुळे पडणाऱ्या फरकावरून. दुसरी रीत अधिक अचूक ठरली असून बहुतेक उत्पादक तीच वापरतात.

नोंदींची वारंवारता येथे निर्णायक असते. सेकंदाला ७ मी. वेगाने पळणाऱ्या खेळाडूची १ हर्ट्झ (सेकंदाला एक नोंद घेणारे) उपकरण दर ७ मी.ला एकदा नोंद घेते, तर १० हर्ट्झ उपकरण दर ७० सेंमी.ला. हॉकीपटू एका सेकंदात पुढे झेपावून परत मागे वळला, तर पहिल्या उपकरणाला तो जागचा हललाच नाही असे वाटू शकते. सुरुवातीच्या उपकरणांनी आखूड धावा आणि दिशाबदल कमी मोजले, त्याचे कारण हे होय. वारंवारता वाढली म्हणजे अचूकता वाढतेच, असेही नाही. १५ हर्ट्झ म्हणून विकल्या गेलेल्या एका उपकरणातील मूळ उपग्रह नोंदी कमी वारंवारतेच्या असून वरची भर गणिताने घातलेली होती. जॉन्स्टन व सहकारी यांनी २०१४ मध्ये केलेल्या तुलनेत १० हर्ट्झ उपकरण त्यापेक्षा सरस ठरले.

त्वरणमापक सामान्यतः सेकंदाला १०० नोंदी घेतो. त्याच्या तिन्ही अक्षांवरील त्वरण क्षणोक्षणी किती बदलले, त्या फरकांचे वर्ग करून, बेरजेचे वर्गमूळ काढून ते साठवत नेले की ‘प्लेअरलोड’ (खेळाडूवरील शारीरिक भार) ही संख्या मिळते. तिला स्वतःचे एकक नाही, त्यामुळे दोन कंपन्यांच्या उपकरणांवरील भार एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. बंडी सैल असेल, तर उपकरण पाठीवर आपटून ही संख्या फुगते. अनुभवी संघांत सरावाच्या १०–१५ मिनिटे आधी सगळी उपकरणे उघड्यावर ओळीने मांडून चालू करतात, उपग्रहांशी जुळणी झाल्याचा दिवा लागल्यावरच ती खिशात घालतात, आणि प्रत्येक खेळाडूला हंगामभर तेच एक उपकरण देतात. एकाच बनावटीच्या दोन उपकरणांतही फरक पडतो, हे त्यामागचे कारण.

छत असलेल्या मैदानात उपग्रह संकेत पोहोचत नाहीत. तेथे कडेने स्थानके बसवून रेडिओ लहरींच्या प्रवासावरून स्थान काढतात. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत २०१४ पासून खेळाडूंच्या खांद्यांवरील गाद्यांत रेडिओ पट्टिका बसवल्या जातात. कतार येथील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकातील चेंडूतही सेकंदाला ५०० नोंदी घेणारा संवेदक होता. त्याचा उपयोग ऑफसाइडच्या निर्णयात चेंडू नेमका कधी लाथाडला हे ठरवण्यासाठी झाला.

अचूकता : एकूण अंतर आणि मध्यम वेगाचे धावणे ही उपकरणे समाधानकारक मोजतात, तीव्र त्वरण आणि अवत्वरण (वेग झटकन वाढणे आणि घटणे) यांबाबत मात्र सावधगिरी हवी. फ्रेंच अभ्यासक मार्टिन बुशाइट व सहकारी यांनी २०१४ मध्ये अनेक उपकरणे एकाच वेळी एका गाड्याला बांधून ओढली, तेव्हा त्वरणांच्या मोजणीत उपकरणागणिक मोठी तफावत आढळली. निव्वळ सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानेही आकडे बदलले. मागच्या हंगामाशी तुलना करणाऱ्या प्रशिक्षकाने हे विसरता कामा नये. फुटबॉलमध्ये ताशी १९.८ किमी.पेक्षा अधिक वेग ‘उच्चवेग’ आणि २५.२ किमी.पेक्षा अधिक ‘स्प्रिंट’ मानण्याचा प्रघात आहे. हे आकडे प्रौढ पुरुष व्यावसायिकांवरून आले. ते मुलींच्या किंवा कुमारांच्या संघांना जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

भार गुणोत्तर आणि त्याविषयीचा वाद : संवेदकांच्या प्रसारात ज्या एका संख्येचा वाटा सर्वांत मोठा, ती म्हणजे तात्कालिक भाराचे दीर्घकालीन भाराशी गुणोत्तर. गेल्या सात दिवसांचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांचा साप्ताहिक सरासरी भार, असे ते काढतात. ऑस्ट्रेलियातील टिम गॅबेट आणि सहकारी यांनी ते पुढे आणले. हे गुणोत्तर ०.८ ते १.३ असेल तर दुखापतीचा धोका कमी आणि १.५ च्या वर गेल्यास अधिक, हे सूत्र २०१६ नंतर जगभरच्या संघांत पोहोचले. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञ निवेदनातही त्याला स्थान मिळाले.

या सूत्राचा क्रिकेटशी जवळचा संबंध आहे. हुलिन व सहकारी यांचा २०१४ चा मूळ निबंध २८ द्रुतगती गोलंदाजांवर बेतलेला होता. त्यांनी भार मोजला तो टाकलेले चेंडू आणि सत्रानंतर खेळाडूने स्वतः सांगितलेला श्रमांक यांवरून. ज्या संख्येसाठी पुढे संघांनी महागडी उपकरणे घेतली, ती सिद्ध करताना परिधेय संवेदकाचा उपयोग झालेला नव्हता, ही बाब नजरेआड होऊ नये.

टीका प्रथम गणिताच्या अंगाने झाली. शेवटचा आठवडा अंशातही असतो आणि छेदातही, त्यामुळे दोन्ही संख्या मुळातच एकमेकींना बांधलेल्या राहतात, असे लोल्ली व सहकारी यांनी दाखवले. तीन आठवडे प्रत्येकी १०० चेंडू टाकून चौथ्या आठवड्यात २०० टाकणाऱ्या गोलंदाजाचे गुणोत्तर २०० भागिले १२५, म्हणजे १.६ येते. उलट, तीन आठवडे विश्रांती घेऊन चौथ्या आठवड्यात अवघे ३० चेंडू टाकणाऱ्याचे गुणोत्तर ४ येते. त्याने ३० ऐवजी ३०० टाकले असते, तरीही ते ४ च आले असते. फ्रांको इम्पेलिझेरी व सहकारी यांनी २०२० मध्ये आक्षेप अधिक खोलवर नेला : भार आणि दुखापत एकत्र आढळणे वेगळे, आणि भार बदलून दुखापत टाळता येणे वेगळे, दुसरी गोष्ट सिद्ध झालेली नाही. नॉर्वेतील ४८२ कुमार फुटबॉलपटूंच्या यादृच्छिक चाचणीत (प्रसिद्धी २०२१) या गुणोत्तरानुसार सराव आखलेल्या आणि न आखलेल्या संघांत आरोग्याच्या तक्रारींचा फरक दिसला नाही. गॅबेट यांच्या बाजूने असे म्हटले जाते, की सूत्राचा यांत्रिक वापर त्यांना अभिप्रेत नव्हता आणि सराव एकाएकी वाढवू नये हा मूळ सल्ला टिकून आहे. तो सल्ला मान्य करण्यास हरकत नाही. मात्र एका गुणोत्तरावरून खेळाडूला संघाबाहेर ठेवण्यास आज पुरेसा आधार नाही, हे टीकाकारांचे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे.

क्रिकेट : एका दिवसात गोलंदाज, फलंदाज आणि यष्टिरक्षक यांचे श्रम इतके भिन्न असतात, की संघाची सरासरी येथे निरर्थक ठरते. पीटरसन व सहकारी यांच्या २०१० च्या अभ्यासात बहुदिवसीय सामन्यात द्रुतगती गोलंदाजाचे दिवसाचे अंतर सुमारे २२.६ किमी. भरले. त्यातील बरेचसे चालण्याचे असते. गोलंदाजाच्या पाठीवर आणि पायावर ताण येतो तो चेंडू टाकतानाच्या क्षणिक धक्क्याचा, आणि अंतराच्या आकड्यात तो दिसत नाही. त्यासाठी धडाच्या फिरण्यावरून चेंडू टाकल्याचे आपोआप ओळखणारी गणनपद्धती तयार करण्यात आली. मॅकनमारा व सहकारी यांच्या २०१५ च्या पडताळणीत तिने जवळपास प्रत्येक चेंडू टिपला. सामन्यांत मात्र गोलंदाजी नसलेल्या हालचालीही चेंडू म्हणून मोजल्या जाण्याचे प्रमाण बरेच वाढले. भारतीय पुरुष संघाच्या सरावात जीपीएस व्हेस्ट २०१८–१९ च्या सुमारास रूढ झालेले दिसते. भारतीय हॉकी संघांच्या शिबिरांतही ती नित्याची आहे.

नियम आणि हक्क : फुटबॉलच्या नियमांत सामन्यादरम्यान अशी उपकरणे वापरण्यास २०१५ मध्ये परवानगी मिळाली; ती धोकादायक नसावीत ही अट आहे. जागतिक रग्बी संघटनेने जानेवारी २०२४ पासून डोक्याच्या दुखापतीच्या तपासणीत संवेदकयुक्त दंतकवचांचा समावेश केला. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने २०१७ च्या सामूहिक करारात परिधेय उपकरणे ऐच्छिक ठेवली, सामन्यांत त्यांना मनाई केली आणि त्यांतील माहिती करारवाटाघाटींत वापरण्यास बंदी घातली. उल्लंघनासाठी २,५०,००० डॉलरपर्यंत दंड ठेवला. हा करार महत्त्वाचा आहे. ज्याच्या शरीरातून आकडे निघतात त्याच्याच विरुद्ध ते मानधन ठरवताना वापरले जाऊ नयेत, हे तत्त्व त्यात लेखी मान्य झाले. फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये खेळाडूंच्या माहितीविषयक हक्कांची सनद जाहीर केली. आपली माहिती पाहणे, तिची प्रत नेणे आणि संमती मागे घेणे हे हक्क तीत येतात.

युरोपीय संघाच्या कायद्यात आरोग्यविषयक माहितीला विशेष संरक्षण आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्ग केलेला नाही. संमतीचा सर्वसाधारण नियमच हृदयगतीलाही लागू होतो. संघात टिकण्यासाठी बंडी घालावीच लागणाऱ्या नवोदित खेळाडूची संमती कितपत मोकळी मानायची, हा प्रश्न त्यामुळे येथे अधिक गंभीर होतो.

देशी खेळ : कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ × १० मी. असते आणि चढाई ३० सेकंदांची. एवढ्या जागेत, बहुधा छताखाली, उपग्रहीय मोजमाप निरुपयोगी होय. त्वरणमापकाचे आकडे घेता येतात; परंतु पकडीत पाच-सहा जण अंगावर आल्यावर पाठीवरचे कठीण उपकरण चढाईपटूला आणि पकड करणाऱ्यालाही इजा करू शकते. खो-खोत बसणे, उठणे, खांब मारणे आणि सूर मारणे यांना अंतराच्या मापाने न्याय मिळत नाही. या दोन्ही खेळांत छायाचित्रणावर आधारलेले विश्लेषण अधिक सोयीचे असून खेळाडूच्या अंगावर काहीही बांधावे लागत नाही.