नजरेने मेंढ्या वळवणारा कुत्रा

मोबाइलवर फिरणाऱ्या एका प्रकारच्या चित्रफितीत बॉर्डर कॉली जातीचा काळा-पांढरा कुत्रा पोट जमिनीला टेकेल इतका वाकून मेंढ्यांकडे टक लावतो, आणि चाळीस-पन्नास मेंढ्यांचा अख्खा कळप मुकाट्याने दिशा बदलतो. खाली दोन शेरे हमखास असतात : ‘हे तर वशीकरण!’ आणि ‘जगातला सर्वांत हुशार कुत्रा’. दुसऱ्या शेऱ्याचे मूळ १९९४ सालच्या एका क्रमवारीत आहे. त्या क्रमवारीसाठी आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांची मते गोळा केली होती. म्हणजे मोजले गेले ते सांगितलेली गोष्ट कुत्रा किती लवकर शिकतो आणि कितपत ऐकतो, एवढेच. गृहपाठ न चुकता करणारा मुलगा वर्गात सर्वांत बुद्धिमान असतोच असे नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल.

बॉर्डर कॉली ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातली. नावातला ‘बॉर्डर’ तो हाच. नॉर्थम्बरलँडमधील ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. त्याचा बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, पण नजरेत फारसा जोर नसलेला; आई मेग बुजरी, पण नजरेची विलक्षण तीव्र. हेम्पमध्ये या दोहोंचा मेळ बसला. १९०६ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीने पुढे वंशावळी नोंदवल्या, आणि निवड होत राहिली ती रूपावर नव्हे, कामावर. त्यामुळे कान उभे असोत की पडके, केस आखूड असोत की लांब, मेंढपाळाला त्याचे सोयरसुतक नसते.

आता त्या नजरेकडे वळू. लांडग्याची शिकार ही एक साखळी असते : भक्ष्य हेरणे, त्यावर नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग, पकडणारा चावा, मारणारा चावा, आणि मग फाडून खाणे. कॉलीमध्ये माणसाने या साखळीतल्या नजर, दबा आणि पाठलाग या कड्या निवडीतून अतोनात वाढवल्या आणि चाव्याच्या कड्या बोथट केल्या. डोके खांद्यांच्या खाली, शेपटी खाली, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला, अशा पवित्र्यात उभ्या असलेल्या कॉलीत मेंढीला दिसतो तो लांडगा, आणि तिच्या पूर्वजांपैकी जे या पवित्र्याला पाहून हलले नाहीत त्यांचे वंश उरले नाहीत. मीठ-मिरच्या ओवाळून उतरवायच्या दृष्टीशी याचा काही संबंध नाही. कॉलीच्या डोळ्यांतून कसलीही शक्ती बाहेर पडत नाही, जे घडते ते सारे मेंढीच्या मेंदूत घडते.

पण घाबरलेली मेंढी वाटेल तिकडे न पळता कळपातच का शिरते? १९७१ साली जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी यामागचे गणित मांडले : कडेला असलेला प्राणी शिकाऱ्याच्या तोंडी आधी सापडतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये आणू पाहतो. म्हणजे कळपाची एकी हा निव्वळ स्वार्थाचा परिणाम आहे. ऑस्ट्रेलियात ४६ मेंढ्यांच्या आणि केल्पी जातीच्या एका कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस यंत्रे बांधून संशोधकांनी हे तपासले. कुत्रा जवळ येताच मेंढ्या खरोखरच कळपाच्या मध्याकडे सरकत होत्या.

याच नोंदींच्या आधाराने २०१४ साली कळप हाकण्याची एक प्रतिकृती संगणकावर उभी राहिली आणि मला तिचे फार कौतुक आहे, कारण तिच्यातला कुत्रा फक्त दोन नियम पाळतो. कळप विखुरलेला असेल तर मध्यापासून सर्वांत दूर असलेल्या मेंढीच्या मागे जाऊन तिला आत लोटायचे. कळप एकवटलेला असेल तर त्याच्या मागे राहून तो मुक्कामाकडे हाकायचा. ‘एकवटलेला’ म्हणजे किती, यालाही सूत्र आहे : मेंढ्यांच्या संख्येचा वर्ग करून त्याचे घनमूळ काढावे आणि त्याला मेंढ्यांमधल्या किमान अंतराने, म्हणजे सुमारे २ मीटरने गुणावे. शंभर मेंढ्यांसाठी हे अंतर ४३ मीटरच्या आसपास येते. त्यापलीकडे एकही मेंढी दिसली की कुत्रा हाकणे सोडून गोळा करण्याकडे वळतो. प्रत्यक्षात कुत्रा कळपामागे डावीउजवीकडे नागमोडी धावतो, ती धावही या दोन नियमांतून आपोआप निघते, ती वेगळी शिकवावी लागत नाही.

मेंढपाळ शिकवतो ते दिशेचे हुकूम : ‘कम बाय’ म्हणजे मेंढ्यांभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ‘अवे’ म्हणजे उलट, आणि काम संपले की ‘दॅट्ल डू’. टेकडीवर दूर असलेल्या कुत्र्याला हेच शिट्टीने सांगतात.

आपल्याकडे धनगरांच्या मेंढरांबरोबर चालणाऱ्या कुत्र्याशी कॉलीची तुलना होते, ती अस्थानी आहे. धनगराचा कुत्रा मुख्यतः मेंढरे राखतो. वळण्याचे काम माणूस स्वतः करतो, आणि माळरानावर लांडगा असताना राखणदारच मोलाचा. राखणदाराने कोकरांपुढे दबा धरला तर पंचाईत होईल. त्याच्यात ही साखळी निजलेलीच बरी. याउलट फ्लॅटमधल्या कॉलीपुढे मेंढ्या नसल्या तरी साखळी जागीच असते. सोसायटीच्या आवारात ती मुलाच्या सायकलपुढे वाकते, चाक फिरले की धावते, आणि क्वचित टाचेला दातही लावते, कारण चाव्याची कडी बोथट झाली आहे, तुटलेली नाही.

अर्थात जात म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून केलेल्या अभ्यासात, कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनातला जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडला. मेंढपाळांना हे अभ्यासाशिवायही ठाऊक असते. आईबाप कितीही नावाजलेले असोत, ते पिल्लाला आधी मेंढ्यांसमोर सोडून पाहतात. एखादे त्याच क्षणी वाकते, आणि त्याचेच भावंड मेंढ्यांकडे पाठ करून गवत हुंगत राहते.