गॅलिलिओच्या खटल्यामागचे सोळाव्या शतकातले भांडण

२२ जून १६३३ रोजी रोममध्ये गॅलिलिओने गुडघे टेकून पृथ्वी फिरते हे मत सोडल्याची शपथ घेतली. पण त्याच्याविरुद्धचे कागद जमायला लागले होते १६१५ साली आणि भांडणाचे मूळ त्याहूनही जुने होते.

कोपर्निकसचा सूर्यकेंद्री ग्रंथ १५४३ मध्ये आला, तोही पोप तिसरा पॉल यालाच अर्पण केलेला. पुढची सत्तर वर्षे रोमने त्याला हात लावला नाही. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेले गुरूचे चार चंद्र १६१० मध्ये जाहीर केले, तेव्हा रोममधल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या ज्योतिर्विदांनी स्वतः पाहून त्यांना दुजोरा दिला. मग बिनसले कुठे? बायबलचा अर्थ कोणी लावायचा, इथे. प्रोटेस्टंटांच्या बंडानंतर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ठरवून टाकले होते, की पूर्वाचार्यांच्या एकमताविरुद्ध कोणी अर्थ लावायचा नाही. यहोशवाने सूर्याला थांबवल्याच्या बायबलमधल्या कथेची गॅलिलिओने आपली फोड केली ती १६१३ मध्ये, शिष्य कास्तेल्लीला लिहिलेल्या पत्रात. त्याची नक्कल धर्मन्यायालयाकडे पोचली.

फेब्रुवारी १६१६ मध्ये कार्डिनल बेलार्मिनने त्याला बोलावून समज दिली. त्या समजेचे दोन कागद आहेत आणि ते जुळत नाहीत. बेलार्मिनच्या हातच्या दाखल्यानुसार, पृथ्वी फिरते हे मत धरता किंवा त्याचे समर्थन करता येणार नाही, एवढेच गॅलिलिओला कळवले. धर्मन्यायालयाच्या दप्तरातली नोंद मात्र म्हणते, की ते कोणत्याही प्रकारे शिकवायचेही नाही. या नोंदीवर सही कोणाचीच नाही! १६३२ मध्ये गॅलिलिओचा 'संवाद' हा ग्रंथ निघाला. त्यात पोप आठव्या अर्बनचा आवडता युक्तिवाद सर्वांत कच्च्या पात्राच्या तोंडी होता. गॅलिलिओचा एके काळचा चाहता असलेला हा पोप बिथरला आणि ती बिनसहीची नोंद बाहेर आली. साक्ष द्यायला बेलार्मिन नव्हता. तो १६२१ मध्येच वारला होता.

गॅलिलिओची बाजूही भक्कम नव्हती. पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा म्हणून त्याने भरती-ओहोटी पुढे केली, ते साफ चुकले होते. पण खटला पुराव्यावर चाललाच कुठे? मुद्दा हुकूम मोडल्याचा होता. उरलेले आयुष्य त्याने नजरकैदेत काढले. निकालपत्रावर दहापैकी तीन कार्डिनलांच्या सह्या नाहीत. कोपर्निकसचे आणि गॅलिलिओचे पुस्तक नसलेली चर्चची निषिद्ध ग्रंथांची यादी निघाली ती थेट १८३५ मध्ये.