एचए आहे म्हणून बॅकअप नको? काऊन बाप्पा?

मी वरूडला घरूनच काम करतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी कॉलवर हेच म्हणते, "भाऊ, आपली आर्टिफॅक्टरी (तयार बिल्डच्या फायली ठेवायचं गोदाम) तीन नोडवर, म्हणजे तीन सर्व्हरवर आहे, बॅकअप कायले पायजे?" डोकं पिकलं आता, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

एचए म्हणजे हाय अव्हेलेबिलिटी, एक मशीन पडली तरी सेवा चालू राहते. अमेझॉनच्या क्लाउडच्या (एडब्ल्यूएस) मुंबई रीजनच्या तीन झोनमधे, म्हणजे वेगवेगळ्या डेटा सेंटरमधे तीन नोड, समोर काम वाटून देणारा लोड बॅलन्सर, एक मेला की बाकीचे ओढतात. आरडीएस (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) मल्टी-एझेड, म्हणजे दुसऱ्या झोनमधे राखीव प्रत असलेलं असलं तं डेटाबेस साधारण 60 ते 120 सेकंदांत त्या राखीव प्रतीवर, स्टँडबायवर जातो. याच्यात कोणाचा घोळ होत नाही.

घोळ होतो तो इथे, नोड तीन पण माल एकच. तिघंही एकाच डेटाबेसला अन् एकाच एसथ्री बकेटला (एडब्ल्यूएसवरची फायलींची कोठी) जोडलेले. संत्र्याच्या बागेत एका विहिरीवर तीन मोटारा बसवल्या तं एक जळाल्यानं ओलित थांबत नाही, पण विहिरीतच कोणाच्या हातून फवारणीचं औषध सांडलं तं तिन्ही मोटारा तेच पाणी झाडाले देतील, अन् इमानदारीत देतील. आमच्याकडे एका पोराच्या क्लीनअप स्क्रिप्टमधे एक स्टार (*, म्हणजे "सगळंच") जास्त पडला, रिलीजच्या फायलींचा रिपो साफ, आणि ट्रॅश कॅन जागा वाचवायला कोणीतरी (मीच) बंद करून ठेवलेला. तिन्ही नोड हिरवे, हेल्थ चेक पास, अन् प्रत्येक बिल्डला 404, म्हणजे फाईलच सापडत नाही. स्टँडबायवर तरी असन म्हटलं तं डिलीट तिथंही पोचलेलं, सिंक्रोनस आहे न ते, इथला बदल त्याच क्षणी तिथंही होतो, त्याचं कामच ते.

बॅकअप म्हणजे कालची प्रत, जिथं आजच्या चुकीचा हात पोचत नाही. म्हणून ती वेगळ्या अकाउंटमधे ठेवा. अन् नुसती बकेट कॉपी करून "बॅकअप झाला" म्हणणाऱ्यांचा मले लय राग येतो. बकेटमधे फायलींची नावं म्हणजे 40 अक्षरी चेकसम (फाईलमधल्या मालावरून काढलेला कोड), कोणतं जार (जावाची बिल्ड फाईल) कोणतं हे फक्त डेटाबेसलाच ठाऊक. दोन्ही घ्या, आधी डेटाबेसचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत), मग बकेट, मधे गार्बेज कलेक्शन, म्हणजे नोंद नसलेल्या फायली पुसायचं काम, चालू देऊ नका. उलट केलं तं मधल्या वेळात चढलेल्या फायलींची डेटाबेसमधे नोंद असते, बकेटच्या कॉपीत माल नसतो.

आमची बकेटची कॉपी डेटाबेसच्या चार दिवस आधीची निघाली. मधले सगळे जार गिटच्या (कोड ठेवायची जागा) टॅगवरून, म्हणजे रिलीजच्या खुणेवरून, परत बिल्ड करत बसलो, दोन रात्री, त्यातली एक लोडशेडिंगची.