थिन की थिक? नव्या व्हीएमच्या डिस्कचा हिशेब

नवी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनवर चालणारा आभासी संगणक) बनवताना डिस्कच्या पानावर १०० जीबी टाकून आपण झटकन पुढे जातो. तिथेच थिन की थिक असं विचारलेलं असतं आणि बहुतेक जण तो पर्याय जसाच्या तसा सोडतात. गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, आत शिरून पाहिलं तर दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही, डिस्क १०० जीबीचीच दिसते. गल्लत होते ती इथेच, कारण फरक सगळा होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर, आहे.

थिक डिस्क पूर्ण १०० जीबी आजच अडवून ठेवते. थिन डिस्क जसजसा डेटा लिहाल तसतशी होस्टची जागा घेत जाते. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) १०० जीबीची क्यूकाऊ२ (qcow2) ही थिन डिस्कची फाइल तयार करा आणि लगेच 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो' (qemu-img info) ही कमांड चालवा. व्हर्च्युअल साइझ १०० जीबी दिसेल आणि डिस्क साइझ जेमतेम २०० केबीच्या आसपास. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये याच जोडीला डायनॅमिकली एक्सपांडिंग आणि फिक्स्ड म्हणतात. व्हीएमवेअरमध्ये थिकचेही दोन प्रकार आहेत. लेझी झिरोड जागा अडवते, पण एखाद्या ब्लॉकवर (डिस्कच्या छोट्या तुकड्यावर) शून्यं भरते ती तिथे पहिल्यांदा लिहायची वेळ आल्यावर. ईगर झिरोड ते काम आधीच उरकते, म्हणून ती बनायला सहसा जास्त वेळ लागतो.

थिन म्हणजे संथ, असं बऱ्याचदा ऐकू येतं. नव्या ब्लॉकवर पहिल्यांदा लिहिताना थोडं जास्तीचं काम पडतं, हे खरं. पण मला भीती वेगाची वाटत नाही, हिशेब चुकण्याची वाटते. आमच्याकडे १ टीबी स्टोरेजवर ३०० जीबीच्या ५ थिन डिस्क होत्या, म्हणजे कागदावर १५०० जीबी वाटून झाले होते. एका व्हीएमचे लॉग रात्रभर फुगत गेले, स्टोरेज भरलं आणि पहाटेपर्यंत एकेक करत बाकीच्या व्हीएमही पॉज झाल्या. डेटाबेसच्या व्हीएमची मॉनिटरिंगमधली शेवटची नोंद सांगत होती की डिस्क अर्धी रिकामी आहे. आणि गेस्टच्या दृष्टीने ती खरंच रिकामी होती! क्यूईएमयू (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणारा प्रोग्राम) अशा वेळी व्हीएम थांबवतो हे आमचं नशीब. जागा मोकळी करून रिझ्यूम केल्यावर अडकलेलं लिखाण पुढे सरकलं.

दुसरी फसगत पुसण्याची. गेस्टमध्ये ५० जीबीचे लॉग पुसले तरी होस्टवरची फाइल आपोआप लहान होत नाही. ते ब्लॉक आता नकोत, हे गेस्टने खाली कळवावं लागतं. त्यासाठी डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड चालू हवं आणि लिनक्स गेस्टमध्ये एफएसट्रिम (fstrim) ही कमांड अधूनमधून चालायला हवी. प्रॉक्समॉक्सवर (केव्हीएमवर आधारलेली प्रणाली) व्हीएम बनवताना डिस्कार्डच्या चौकटीत मी न चुकता टिक करतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर सतत लिहिणाऱ्या डेटाबेसला थिक, चाचणीच्या आणि किरकोळ व्हीएमना थिन. थिन वापरायची तर होस्टचं स्टोरेज ८० टक्क्यांवर गेलं की अलर्ट यायलाच हवा, आणि तो होस्टवरच लावा. गेस्टमधला अलर्ट इथे उपयोगाचा नाही.

निवड पुढे बदलताही येते. व्हीएमवेअरमध्ये व्हीएम बंद करून डेटास्टोअर (डिस्कच्या फाइली ठेवायची जागा) ब्राउझरमधून थिन डिस्क इन्फ्लेट केली, म्हणजे पूर्ण आकाराला फुगवली, की ती थिक होते. थिकची थिन करायला मात्र डिस्क दुसरीकडे हलवावी किंवा कॉपी करावी लागते, आणि तेवढी मोकळी जागा आधी हाताशी असावी लागते.