‘सुपर १५०’ सूट जास्त टिकतो?

सुटाचं कापड घेताना हमखास ऐकू येतं, ‘साहेब, १२० कशाला, सुपर १५० घ्या, वर्षानुवर्षं टिकेल.’ खरं तर उलटं आहे. हा आकडा फक्त लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो. सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर १५० म्हणजे १६.२५. तंतू बारीक, तसं कापड मऊ, पण नाजूकही. लवकर चुरगळतं, रोज खुर्चीवर घासून पँटची बैठक आधी चकाकते, मग विरते. लग्नाला १५० खुशाल शिवा. रोजच्या ऑफिसला १०० ते १२० बरं. आणि पॉलिएस्टर-मिश्रित कापडावर ‘सुपर’ छापलेलं दिसलं, तर तो आकडा सोडूनच द्या. आंतरराष्ट्रीय नियमात हा शब्द शुद्ध लोकरीसाठी आहे.