जनुकीय सुधारित पिके ओळखणारे विद्युतरासायनिक डीएनए जैवसंवेदक

बियाणे, पान किंवा धान्य यांच्या नमुन्यात बाहेरून घातलेले जनुक आहे का, हे विद्युतप्रवाहातील बारीक बदलावरून सांगणारे उपकरण. डीएनए विद्युतरासायनिक प्रतिसाद देतो, हे चेक शास्त्रज्ञ एमिल पालेचेक यांनी १९६० मध्ये दाखवले. डीएनएमधला ठराविक क्रम ओळखणारा असा संवेदक मिलान आणि मिकेल्सन यांनी १९९३ मध्ये मांडला.

सोन्याच्या इलेक्ट्रोडवर साधारण वीस-पंचवीस बेसची (डीएनएच्या ‘अक्षरांची’) एकेरी डीएनए साखळी, म्हणजे शोधक, गंधकयुक्त थायॉल गटाने बसवतात. नमुन्यातला डीएनए तापवला की त्याचे दोन्ही पदर सुटतात आणि पूरक तुकडा शोधकाशी जुळतो. ही जुळणी मोजण्याची एक जुनी रीत मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याची. डीएनएच्या चार बेसपैकी ग्वानिन मोकळे असले, तर त्याच्याशी ते चांगले बांधले जाते. जोडी जमली की ग्वानिन झाकले जाते, रंगद्रव्य कमी चिकटते आणि आलेखातला प्रवाहाचा उंचवटा खाली येतो. काही संवेदकांत शोधकाला विकर किंवा फेरोसीन हे लोहयुक्त संयुग जोडून प्रवाह मोजतात.

खरा प्रश्न शोधक कोणता निवडायचा हा आहे. फुलकोबीवरील मोझॅक विषाणूचा ३५एस प्रवर्तक (जनुक सुरू करणारा डीएनए-तुकडा) आणि ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचा नॉस समापक (जनुकाचे वाचन थांबवणारा तुकडा) अनेक जनुकीय सुधारित (जीएम) पिकांत असल्याने प्राथमिक चाळणीला तेच घेतात. पण कोबी-मोहरीच्या कुळातल्या झाडाला तो विषाणू झालेला असेल, तर ३५एसची चाचणी साध्या झाडालाही जीएम ठरवू शकते.

महाराष्ट्रातल्या कपाशीत अडचण वेगळी आहे. भारतात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे प्रथिन बनवणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये मंजुरी मिळाली. २००६ मध्ये त्यातल्या क्राय१एसी या जनुकाच्या जोडीला क्राय२एबी जनुक असलेले वाण आले. आता बहुतेक कपाशी बीटीच असल्याने ३५एस सापडला तरी त्यातून काहीच कळत नाही. विदर्भात ‘चोरबीटी’ म्हणून विकले जाणारे, तणनाशक सहन करणारे एचटीबीटी बियाणे मंजूर नाही. ते ओळखायचे तर शोधक सीपी४-ईपीएसपीएस या तणनाशक सहन करू देणाऱ्या जनुकाचाच हवा. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने हेच बियाणे जाहीरपणे पेरले, तेव्हा हा वाद देशभर पोहोचला.

संशोधन-लेखांतले अतिसूक्ष्म शोधमर्यादेचे, म्हणजे किती कमी डीएनए ओळखता येतो याचे, आकडे जपून वाचावेत. त्यातले पुष्कळ आकडे प्रयोगशाळेत बनवलेल्या आखूड, स्वच्छ डीएनएवर मिळालेले असतात. कपाशीच्या पानात फिनॉलयुक्त द्रव्ये भरपूर असतात. ती स्वतःच इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकृत होऊन खोटा प्रवाह दाखवू शकतात किंवा पृष्ठभागावर बसून खरा झाकू शकतात. म्हणून आधी डीएनए नीट शुद्ध करावा लागतो आणि बहुधा पीसीआरने, म्हणजे तापमान वरखाली करत डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवावाही लागतो. पीसीआरऐवजी ६०–६५ अंश सेल्सिअसच्या एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती वाढवणारी लॅम्प पद्धत वापरली, तर यंत्र शेताच्या बांधापर्यंत नेणे सोपे होते. बांधावर आज वापरतात ती पट्टी-चाचणी मात्र डीएनए नव्हे, प्रथिन शोधते. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण शिजवलेल्या किंवा प्रक्रिया केलेल्या मालात प्रथिन बिघडते, तिथे ती निरुपयोगी ठरते.

व्यापारात ‘आहे की नाही’ एवढ्याने भागत नाही. युरोपीय संघात ०.९ टक्क्यापर्यंतच्या अनवधानाने झालेल्या भेसळीला लेबलातून सूट आहे. आयात अन्नपिकांसाठी भारताने २०२० च्या आदेशात १ टक्का मर्यादा ठेवली. हे प्रमाण काढण्यासाठी घातलेल्या जनुकाबरोबर पिकाचे स्वतःचे जनुकही मोजावे लागते. सोयाबीनसाठी ते लेक्टिनचे. दोन्ही प्रवाहांचे गुणोत्तर विश्वासार्ह हवे, तर दोन्ही इलेक्ट्रोडवर शोधकांची दाटी सारखी असावी लागते, आणि ती दर वेळी तशीच राखणे अवघड आहे.